फ्रिजमधले कंद

दुबईच्या पलीकडे उम्म अल कुवैनच्या त्या घरात आम्ही माणसं तीन होतो आणि फ्रिज एक होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या वर्षीची सगळी भांडणं फ्रिजवरूनच झाली. घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा, ओट्याच्या कडेला पाण्याची टाकी आणि टाकीच्या मागे पप्पांनी लावलेलं लिंबाचं झाड. पहाटे अजान व्हायची, तिच्या मागोमाग पप्पांची रबरी नळी अंगणात सुरू व्हायची आणि मग आईचा कुकर. आईच्या स्वयंपाकाला वसईहून आणलेल्या बाटली मसाल्याचा वास असे आणि तो खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात मिसळून गेटपर्यंत जाई. रविवारची मिस, म्हणजे चर्चची प्रार्थना, आम्ही शुक्रवारी ऐकायचो, कारण सुट्टी शुक्रवारी. देवळातून परत येताना पप्पा हमखास शारजाच्या मासळी बाजारात गाडी थांबवायला लावायचे आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून सुरमई घरी यायची. ते खोके पप्पा कधी फेकत नसत, धुऊन लिंबाखाली रचून ठेवत. आईला त्या ढिगाचा भयंकर राग यायचा.

पप्पा त्या व्हिलाचे माळी होते. वसईत आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, ती भावाभावांत वाटली गेल्यावर हातात येईल तेवढ्या तुकड्यात तीन पोटं भरणं शक्य नव्हतं, म्हणून ते इकडे आले. पण माणूस वाडीचाच राहिला. वाळूतसुद्धा ते प्रत्येक रोपाला आळं करायचे, आळ्यातलं पाणी मुरेपर्यंत उकिडवे बसून बघत राहायचे. मी तेव्हा आठवीत होते, वर्गात पहिली यायची आणि मला सगळं माहीत आहे याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती. पप्पा मराठीत विचारायचे, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. आई म्हणायची, "हिच्या पोटात राणीचा पोपट बसलाय." आज माझी मुलगी मला तसंच उत्तर देते आणि माझ्या तोंडून आईचंच वाक्य निघतं.

व्हिला होता मामांचा. मराठी कानाला विचित्र वाटेल, पण इकडे घरातल्या वयस्क बाईला सगळे नोकर मामा म्हणतात. मामा सत्तरीच्या पुढच्या, हातात काठी, चेहऱ्यावर नुसतं नाक-भुवया झाकणारा इकडचा जुना बुरखा, आणि हिंदी अशी फर्डी की आईच्या हिंदीची त्यांना दया यायची. समुद्रापलीकडच्या इराणमधून त्या लहान मुलगी असताना लग्न होऊन इकडे आल्या होत्या आणि नंतर एकदाही परत गेल्या नव्हत्या. नोकरांचे कागद मात्र त्यांचा मुलगा बघायचा, आणि त्या साली त्यानं पप्पांना ऑफिसात बोलावून सांगितलं की मार्चमध्ये व्हिसा रिन्यू होईल तो माळी म्हणून. नव्या नियमानं माळ्याला फॅमिली ठेवता येत नाही. सुपरवायझरची जागा एकच आहे आणि ती नर्सरीतल्या कुणा शिकलेल्या माणसाला द्यायचा त्याचा विचार आहे. पप्पा घरी आले, ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "रोजा, मार्चनंतर तुम्ही दोघी वसईला."

आईनं पोळपाटावरचं लाटणं बाजूला ठेवलं. तिला वसई नकोशी होती असं नाही, तिचं सगळं माहेर तिथं. पण माझा काका, पप्पांचा धाकटा भाऊ पेद्रू, तेव्हा अबू धाबीजवळ मुसफ्फाला एका वर्कशॉपमध्ये होता आणि बायको-मुलं गावी ठेवून कामगारांच्या कॅम्पात सहा जणांच्या खोलीत राहत होता. महिन्यातून एकदा कंपनीच्या बसनं निम्मा रस्ता आणि टॅक्सीनं निम्मा रस्ता करून आमच्याकडे यायचा, जेवायचा, आणि आमच्या खाटेवर संध्याकाळपर्यंत झोपायचा. जाताना आई त्याला डबा द्यायची. तो डबा घेताना त्याचा चेहरा जसा व्हायचा, तो आईनं पाहिला होता. "तुमचा पेद्रू होऊ देणार नाही मी," ती एवढंच म्हणाली. मला मात्र रडू आलं, उघड सांगते. माझी शाळा, माझी मैत्रीण शबनम, माझा पहिला नंबर, सगळं एका वाक्यात खलास होत होतं.

चार दिवसांनी मामांनी पप्पांना हाक मारली. त्यांच्या भाच्यानं पलीकडून लाकडी लाँचनं एक गोणपाट पाठवलं होतं. आत गावच्या मातीची ढेकळं आणि तऱ्हेतऱ्हेचे कंद, सगळे एकत्र. मामा म्हणाल्या, "मानवेल, इसमें मेरे गाँव का फूल है. घंटी जैसा, सर नीचे. मैं शादी करके आयी, उसके बाद नहीं देखा. तुम उगाओगे तो मैं बेटे को बोलूँगी, सुपरवायझर यही है. वो मेरी बात नहीं टालता." पप्पांनी विचारलं, तिकडे हिवाळा कसा असतो. मामा म्हणाल्या, सगळा हिवाळा त्याच्यावर बर्फ बसून असतो. पप्पा घरी येईपर्यंत विचार करत आले आणि दारातूनच म्हणाले, "बर्फ पाहिजे म्हणजे फ्रिज पाहिजे." वाडीच्या माणसाची अक्कल ही अशी. कुठलंही पुस्तक न वाचता त्यांनी ते बरोबर काढलं.

पुस्तक मी वाचलं. शाळेच्या लायब्ररीत बागकामाचा एक जाडजूड विश्वकोश होता, त्यात घंटीसारखी, मान खाली घातलेली फुलं शोधता शोधता मी फ्रिटिलरी नावापर्यंत पोचले. पानभर रंगीत चित्र होतं: उंच दांडा, वर हिरव्या पानांचा तुरा, आणि तुऱ्याखाली गोल फेर धरून लटकलेल्या नारिंगी घंट्या. खाली लिहिलं होतं की इराणच्या डोंगरात होतं, कंद मुठीएवढा, मधोमध भोक आणि वास कोल्ह्यासारखा. मी ते पान वहीत उतरवून घेतलं. पुढच्या पानावर त्याच्या भावंडांची नावं बारीक टायपात होती, ती मी वाचली नाहीत. मला माझं उत्तर मिळालं होतं.

शुक्रवारी देवळातून आल्यावर ओट्यावर गोणपाट उलटं केलं. मी वही घेऊन मधोमध बसले, पप्पा ढेकळं फोडत होते, आई दारात उभी. मोठे कंद लगेच सापडले. अकरा होते, प्रत्येकाच्या मधे आरपार भोक, आणि वास असा की आईनं पदर नाकाला लावला. "कोल्ह्याचा वास," मी जाहीर केलं. "कोल्ह्याला हुंगायला तू कधी गेली होतीस?" आई म्हणाली. बाकी जे उरलं त्यात दोन ओंजळी भरतील एवढे बारके पांढरे कंद होते, सोललेल्या लसणाच्या पाकळीएवढे, आणि त्यांना तांदळाच्या कण्यांसारखे दाणे चिकटलेले. भोक नाही, वास नाही. "हे काय?" पप्पांनी विचारलं. मी म्हटलं, "जस्ट वीड्स, पप्पा. सम काइंड ऑफ गार्लिक." "नक्की?" "हंड्रेड पर्सेंट." आणि मी ते सुपलीत भरून स्वतःच्या हातानं केराच्या काळ्या पिशवीत टाकले. तो आवाज मला अजून ऐकू येतो, प्लास्टिकवर तांदूळ पडावेत तसा.

त्यानंतर फ्रिज आमचा राहिला नाही. अकरा कंद आधी वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये बांधून खालच्या दोन्ही कप्प्यांत ठेवले. मधल्या कप्प्यात दूध, अंडी, मासळी, आईचं लोणचं, सगळं एकमेकांच्या डोक्यावर. आठवड्याभरात दुधाला तो वास लागला. मग लोण्याला. चहा पिताना आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. नाताळात आईनं नेवऱ्यांचं, म्हणजे आमच्या करंज्यांचं, सारण फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते तोंडात घालून बघितलं, तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "वीस वर्षं नेवऱ्या करतेय, कधी कुणी नाव ठेवलं नाही. आता फादरना कोल्हा खायला घालू?" पप्पा म्हणाले, "रोजा, मार्चपर्यंत." "मार्च, मार्च. मार्च काय मोक्ष आहे?" तरीपण कंद बाहेर काढा असं ती एकदाही म्हणाली नाही. सारण टाकून दिलं आणि त्या वर्षी आमच्याकडे नुसती तळलेली कुलकुलं झाली. वरच्या फळीवर मागच्या बाजूला केकचा एक निळा डबा होता, तो कसला म्हणून मी विचारलं, तर पप्पा म्हणाले, "राहू दे, माझा आहे." मला वाटलं, त्यांची तंबाखू असेल.

जानेवारीत थंडी जरा बसल्यावर कंद लावायची वेळ आली आणि आमची जुंपली. पप्पांना जमिनीत लावून आळं करायचं होतं. माझ्या वहीत लिहिलं होतं की कंद आडवा ठेवा, नाहीतर भोकात पाणी साचून कुजतो. "सात पिढ्या वाडीत गेल्या, कंद आडवा लावलेला कुणी बघितला नाही," पप्पा म्हणाले. "धिस इज नॉट सुरण, पप्पा," मी म्हटलं. शेवटी ते हसले आणि माझं ऐकलं. अकरा कुंड्या, वाळू जास्त, माती कमी, कंद कुशीवर निजवलेले. या बाबतीत मी बरोबर होते आणि हे मी आजही छाती ठोकून सांगते. त्या हवेत अकरातले आठ काही केल्या उगवणारच नव्हते, पण तिघांनी डोकं वर काढलं.

त्यातल्या दोघांची नुसती पानं झाली. तिसऱ्याचा दांडा मात्र रोज बोटभर वाढायचा. शाळेतून आल्यावर दप्तर टाकण्याआधी मी त्याच्यापाशी जायची. आई ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात चहा सोडायची, त्या वर्षी तिनं साखरही सोडली, कशासाठी ते सांगायची गरज नव्हती. पप्पांना मामांच्या मुलाच्या ऑफिसातून निरोप आला होता की महिनाअखेर कागद टाइप होणार. त्याच आठवड्यात कळ्या नारिंगी झाल्या आणि एका सकाळी पाच घंट्या उघडल्या, अगदी चित्रातल्यासारख्या. मी एक घंटी उचलून आत पाहिलं. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पाण्याचा एकेक टपोरा थेंब होता, हलवला तरी पडत नव्हता. आईनं क्रूसाची खूण केली. शाळेत मी शबनमला सांगून टाकलं की आम्ही कुठे जात नाही.

कुंडी पप्पांनी उचलली, मी पुढे चालले. मामा व्हरांड्यात गालिच्यावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा मागवला, फूल चारी बाजूंनी पाहिलं, त्याच्या तुऱ्यावरून हात फिरवला. "माशाल्ला," त्या म्हणाल्या, "बहुत सुंदर. ये तो ताज है, पहाड़ का फूल, बड़े लोगों के बाग में लगाते थे." मग चष्मा काढला. "मगर मेरा नहीं है, मानवेल. मेरा इतना सा था. गेहूँ के खेत में होता था. भूरा, किनारा पीला. कोई देखे नहीं, ऐसा. हम बच्चे गेहूँ में बैठ के ढूँढते थे." त्यांनी अंगठा आणि तर्जनी एवढीशी धरून दाखवली. "उसका कांदा कैसा था, मामा?" पप्पांनी विचारलं. "छोटा. सफ़ेद. उसको चावल लगा रहता है."

मामा रागावल्या नव्हत्या, उलट पप्पांच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या की मेहनत केलीस, अल्ला देईल. पण मुलाला बोलायचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि अट पुरी झाली नसताना शब्द मागायचा पप्पांचा स्वभाव नव्हता. अंगण ओलांडेपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले आणि मग रडायला लागले, इंग्लिश विसरून. "पप्पा, ते मी फेकले. लसूण म्हणून मीच फेकले. तुम्ही नक्की का म्हणून विचारलंत आणि मी..." पप्पांनी कुंडी खाली ठेवली. माझा हात धरून मला टाकीच्या मागे, लिंबाखाली घेऊन गेले.

आईला राग येणाऱ्या त्या ढिगातला एक खोका बाजूला सावलीत ठेवलेला होता. थर्माकोलचा, बुडाला भोकं पाडलेली, आत माती. मातीतून गवतासारखी निळसर पानं वर आली होती आणि पानांमधून सातआठ बारीक दांडे. दोन दांड्यांच्या टोकाला मान खाली घातलेली एकेक घंटी, अंगठ्याच्या पेराएवढी, मळक्या जांभळ्या-तपकिरी रंगाची. शेजारून गेलं तरी दिसू नये अशी. मी गुडघ्यावर बसून खालून पाहिलं तेव्हा कडेची पिवळी रेघ दिसली.

पप्पा म्हणाले, "रात्री केर टाकायला गेलो तेव्हा काढून घेतले. आपल्याकडे लावून उरलेला कंद केरात टाकत नाहीत, बांधाच्या कडेला लावून देतात, मग काय निघेल ते निघेल. इथं बांध कुठला? म्हणून खोका. आणि बाकीच्यांना थंडी लागते, तर यांनाही लागत असेल, म्हणून डब्यात घालून फ्रिजात ठेवले." निळा डबा. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? पप्पांना खरंच आश्चर्य वाटलं. "सांगायचं काय? तू हंड्रेड पर्सेंट म्हणालीस. मला वाटलं लसूणच असेल. उगवला तर आईला उपयोगी पडेल."

मामांना खोका नेऊन दाखवू म्हटलं तर त्या कबूल होईनात. काठी टेकत, दोन बायकांचा आधार घेऊन, त्या स्वतः टाकीच्या मागे आल्या, जिथं त्या घराची मालकीण आजवर कधी आली नव्हती. आईची धावपळ उडाली, खुर्ची आणू की चटई आणू. मामा तोवर वाळूतच बसल्या होत्या. बोटानं घंटी वर उचलून त्यांनी आत पाहिलं, आणि बराच वेळ त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिल्या, आमच्याशी नाही. बुरख्याखालून हनुवटीवर पाणी आलेलं मला दिसलं. लिंबाची पानं वाजत होती आणि ओट्यावर कुकरची शिटी झाली, ती बंद करायलाही आई हलली नाही.

मग त्यांनी मान वर केली. "मेरा भांजा खुद नहीं पहचानता, इसलिए सब मिला के भेजा. यहाँ किसने पहचाना?"

पप्पांनी क्षणाचाही विचार केला नाही. "मेरी बेटी ने, मामा. किताब पढ़ के."

मी तोंड उघडलं. पप्पांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच दाबून राहिला, बोटांना लिंबाखालची ओली माती लागलेली. युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टावर चार बोटं उमटली, ती आईनं दोनदा धुतली तरी पूर्ण गेली नाहीत. मामांनी मला जवळ घेऊन कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाल्या, "शाबाश, हबीबती. यल्ला मानवेल, मेरे बेटे को फोन लगाओ."

त्या महिनाअखेर कागदावर सुपरवायझर असंच टाइप झालं आणि आम्ही तिघं त्या दोन खोल्यांत माझं कॉलेज होईपर्यंत राहिलो. पप्पांनी ते मोठे कंदही जपले, त्यामुळे दर वर्षी नाताळात फ्रिज वासानं भरायचा आणि आई दर वर्षी तेवढीच चिडायची. मामा होत्या तोवर दर मार्चमध्ये टाकीमागे चटई अंथरली जायची. मी बारीक टायप वाचायला शिकले. आता पन्नाशी उलटली, दुबईच्या जबल अली बंदरात फुलांच्या आणि कंदांच्या कोल्ड स्टोअरमध्ये माझं काम आहे, जहाजातून आलेल्या खोक्यांत कागदावर लिहिलंय तेच आहे का, हे ओळखायचं, आणि ते मला चांगलं जमतं, उगाच लाजत नाही. माझ्या टेबलाखाली केकचा एक डबा असतो. ज्याची ओळख पटत नाही ते त्यात जातं आणि डबा थंडीत जातो. नवीन पोरं विचारतात, मॅडम, फेकून देऊ? मी म्हणते, राहू दे, माझा आहे.

पप्पा आता वसईला असतात, वाडीच्या तुकड्यात केळी आहेत, कान गेले पण आवाज शाबूत आहे. घरी कुणी आलं की अजून सांगतात, आमच्या फिलूनं आठवीत असताना कंद नुसता बघून ओळखला, म्हणून आम्ही तिकडे राहिलो. मी समोर बसलेली असते. सुरुवातीला एकदोनदा खरं सांगायला गेले, तर ते माझ्यावर उखडले. आणि इकडे ऑफिसात लोक मला विचारतात की तुम्ही एवढं ओळखायला कुठे शिकलात, तेव्हा मी सांगते, वडिलांकडे. मी विनयानं बोलते असं त्यांना वाटतं.